टिचकीचे खेळ आणि कोडे घालणाऱ्याचे इमान

कोडे घालणे ही गोष्ट आपल्या घराला नवी नाही. दिवेलागणीनंतर आजीने नातवंडांना कोडी घालावीत, नातवंडांनी डोके खाजवावे आणि शेवटी हार मानून 'सांग ना गं आता' म्हणत तिला बिलगावे, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. या साध्या खेळाला एक अलिखित नियम असतो. उत्तर ऐकल्यावर पोराने कपाळावर हात मारून 'अरेच्चा, एवढे कसे सुचले नाही!' असे म्हटले पाहिजे. उत्तर ऐकूनही ते तोंड वाकडे करून 'हे कसे बुवा?' असे विचारू लागले, तर चूक पोराची नसते, कोड्याची असते. कोडे घालणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, समोरच्याला नसते. आणि या विषमतेमुळेच त्याच्यावर एक जबाबदारी येऊन पडते. तिलाच आम्ही कोडे घालणाऱ्याचे इमान म्हणतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय संगणकावरील खेळ हा आहे, हे वाचून काही मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे अशी आपली समजूत. परंतु ज्या करमणुकीवर एका पिढीच्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडल्या, तिलाही इतिहास असतोच. शिवाय ही करमणूक आता पन्नाशीला आली आहे. तिची पहिली यंत्रे मोडीत निघाली आहेत आणि तिचे पहिले कर्ते वृद्ध झाले आहेत. आम्ही ज्या खेळांविषयी बोलणार आहोत, त्यांत पडद्यावर एखाद्या घराचे, बंदराचे किंवा बेटाचे चित्र असते. माऊसने बाण हलवून त्या चित्रातील वस्तूवर टिचकी मारावी, म्हणजे आपला नायक तेथे जातो, वस्तू उचलतो, कोणाशी बोलतो. गोळीबार नाही, धावपळ नाही. एक गोष्ट उलगडत जाते, आणि वाटेतील प्रत्येक दाराला कोड्याचे कुलूप असते. या खेळांचा उदय, वैभव, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन या चारही अवस्था नीट पाहिल्या, तर त्यांच्यामागे तेच एक इमान दिसते. ते पाळले गेले तेव्हा खेळ बहरले, आणि सुटले तेव्हा लोकांचा विश्वास उडाला. हे एकच कारण होते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या कारणाकडे दुर्लक्ष होते ते हेच, म्हणून त्यावर भर देत आहोत.

प्रारंभ एका गुहेत होतो. अमेरिकेतील केंटकी संस्थानात मॅमथ केव्ह नावाची अफाट लांबीची गुहामालिका आहे. विल क्रौदर हे मॅसॅच्युसेट्समधील एका संस्थेत काम करणारे संगणकतज्ज्ञ. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप जे अर्पानेट, त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांना आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांना गुहा धुंडाळण्याचा नाद होता. १९७२ साली ज्या तुकडीने फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहामालिका आतून जोडलेल्या असल्याचे शोधून काढले, तिच्यात पॅट्रिशिया होत्या. पुढे हे दांपत्य विभक्त झाले. आपल्या दोन मुलींना रमवण्यासाठी, १९७५-७६ च्या सुमारास, क्रौदर यांनी त्या गुहेचा एक शब्दमय खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. आपण कोठे उभे आहोत, समोर काय आहे, ते संगणक वाक्यांत सांगे. खेळणाऱ्याने 'दिवा घे', 'उत्तरेस जा' अशा धर्तीच्या दोनदोन इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहायची. दुरावलेल्या पित्याने मुलींसाठी रचलेली ही गुहा संगणकाच्या जाळ्यातून गावोगाव गेली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डमध्ये डॉन वुड्स या तरुणाला ती सापडली. मूळ कर्त्याची परवानगी हवी, म्हणून त्याने जाळ्यातील प्रत्येक संगणकावर 'क्रौदर' या नावाने पत्र धाडले! परवानगी मिळाली, आणि १९७७ साली वुड्स यांनी वाढवलेला तो खेळ 'ॲडव्हेंचर' या नावाने सर्वत्र पसरला. पुढे या साऱ्या प्रकारालाच ते नाव चिकटले.

या शब्दखेळांत मौज होती, तसा एक मोठा दोषही होता. खेळणाऱ्याला उत्तर सुचे, पण ते कोणत्या शब्दात लिहावे हे कळत नसे. दार 'ढकल' म्हणावे, 'लोट' म्हणावे की 'उघड' म्हणावे? यंत्राला त्यातला एकच शब्द ठाऊक असे, आणि बाकी शब्दांना ते 'समजले नाही' एवढेच ठोकळेबाज उत्तर देई. ज्याने कोडे खरोखर सोडवले, तोही दाराबाहेर तिष्ठत राही. यात कोणाची लबाडी नव्हती. यंत्राची बुद्धीच तेवढी होती. मॅसॅच्युसेट्समधील तंत्रविद्यापीठाच्या तरुणांनी १९७७ पासून रचलेल्या 'झॉर्क' या खेळाने पूर्ण वाक्ये समजून घेण्यापर्यंत मजल मारली, तरीही शब्द हुडकण्याची ती पीडा समूळ गेली नाही.

चित्र आले ते एका गृहिणीच्या हट्टातून. कॅलिफोर्नियातील रॉबर्टा विल्यम्स या तरुण आईने 'ॲडव्हेंचर' खेळला आणि त्या खेळाने त्यांना झपाटले. असा खेळ आपण रचावा आणि त्यात चित्रे असावीत, असे त्यांच्या मनाने घेतले. पती केन विल्यम्स यांनी आज्ञावली लिहिली, रॉबर्टाबाईंनी रेघोट्यांची चित्रे काढली, आणि १९८० साली ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी 'मिस्टरी हाऊस' तयार झाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तबकडी घालून तो विकला गेला, आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. या घरगुती उद्योगातूनच सिएरा ऑन-लाइन ही कंपनी उभी राहिली. १९८४ साली तिने 'किंग्ज क्वेस्ट' काढला. त्यात राजाचा शिलेदार पडद्यावर चालू-फिरू लागला. झाडामागे गेला की झाडाआड दिसेनासा होऊ लागला. त्या काळी हे नवल होते.

पण याच खेळात इमान सुटल्याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. एका खुज्या बुटक्याचे नाव ओळखायचे असते. युरोपातील लोककथा वाचलेल्याला 'रंपलस्टिल्टस्किन' हे नाव सुचते. खेळात अन्यत्र सूचना मिळते की कधी कधी उलट्या बाजूने विचार करावा. तेव्हा खेळणारा ते नाव उलटे लिहितो. तेही चूक! अपेक्षा अशी की सारी वर्णमालाच उलटी मांडावी, पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे अक्षर धरावे आणि त्या सांकेतिक लिपीत नाव लिहावे. आता, लोककथा ओळखणाराही हुशार, सूचना ध्यानात घेणाराही हुशार. मग त्याला दारातून परत का पाठवावे? कर्त्याने येथे कोडे घातले नाही, पाय अडकवण्यासाठी दोरी बांधली.

तिकडे यंत्रांच्या जगात एक क्रांती होत होती. डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभेत माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले होते. त्याचा मूळ नमुना लाकडी ठोकळ्याचा होता. ही वस्तू सामान्यांच्या टेबलावर येण्यास १९८४ चा मॅकिंटॉश संगणक यावा लागला. माऊसचे बटण दाबताना जो हलका आवाज होतो, त्या क्रियेला आपल्या भाषेत 'टिचकी' असे सुरेख नाव पडले आहे. १९८५ साली मॅकिंटॉशवर 'डेजा व्हू' हा गुप्तहेरकथेचा खेळ निघाला, आणि त्यात खेळणारा बहुतेक कामे लिहून करण्याऐवजी दाखवून करू लागला.

या वाटेचा राजरस्ता केला तो रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी. चित्रपटदिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या कंपनीची एक खेळशाखा होती. तेथे या दोघांनी १९८७ साली 'मॅनिॲक मॅन्शन' हा भुताटकीच्या वाड्याचा विनोदी खेळ कॉमोडोर-६४ या स्वस्त संगणकासाठी तयार केला. 'किंग्ज क्वेस्ट'ची चित्रे गिल्बर्ट यांना आवडली होती, पण शब्द लिहिण्याची कटकट मुळीच रुचली नव्हती. त्यांची युक्ती अगदी साधी होती. यंत्राला समजणारे शब्द जर मोजकेच आहेत, तर ते लपवायचे कशाला? त्यांनी पंधरा आज्ञा पडद्याच्या तळाशी सरळ मांडून ठेवल्या: उघड, बंद कर, उचल, दे, वाच, ढकल, ओढ, अशा. आधी आज्ञेवर खूण न्यावी, मग वस्तूवर. शब्द हुडकण्याचा जाच एका फटक्यात संपला. हा बदल वरवर किरकोळ भासतो, परंतु इमानाच्या दृष्टीने तो फार मोठा होता. आपल्यापाशी कोणकोणती हत्यारे आहेत हे खेळणाऱ्याला कळले. आता ती कशी वापरावी एवढाच प्रश्न उरला.

या खेळासाठी गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आज्ञाभाषाही घडवली. तिला त्यांनी 'स्कम' असे गमतीचे नाव दिले. इंग्रजीत त्याचा अर्थ पाण्यावरची मळी! तिच्यात गोष्टीचा मजकूर वेगळा आणि तो वाचून दाखवणारे यंत्राचे अंग वेगळे, अशी रचना होती. यंत्र बदलले तर वाचणारे अंग बदलावे. गोष्ट तशीच राहावी. मंडळींनी ही सोय केली ती केवळ आपले श्रम वाचावेत म्हणून. तिचे खरे मोल पुढे कित्येक वर्षांनी कळायचे होते. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

'मॅनिॲक मॅन्शन' निर्दोष नव्हता. एखादी वस्तू वाया घालवली, तर खेळ पुढे सरकणे अशक्य होई, आणि खेळणाऱ्याला ते कळतही नसे. तो बिचारा बंद गल्लीत तासन् तास भटकत राही. गिल्बर्ट यांचा मोठेपणा असा की त्यांनी हा दोष ओळखला आणि १९८९ साली या साऱ्या प्रकाराचे वाभाडे काढणारा एक लेख लिहिला. त्या लेखातील तत्त्वे आजही कोणाही कोडेकाराने भिंतीवर टांगावीत अशी आहेत. त्यांचा आशय असा: मेल्याशिवाय जे कळू शकत नाही, असे काही खेळात नसावे. खेळणाऱ्याला न सांगता त्याची वाट कायमची बंद करू नये. अडचण आधी दिसावी आणि उपाय नंतर. भेग पाहिल्यावर मनुष्य दोर शोधू लागतो, पण भेग पाहण्याआधीच दोर हाती आला तर त्याला शोधाचा आनंद मिळत नाही. आणि प्रत्येक कोडे गोष्टीला पुढे नेणारे असावे, नुसता अडथळा नसावे. आजीच्या ओसरीवरील नियमच त्यांनी नव्या युगाच्या भाषेत लिहून काढला, असे आम्हांस वाटते.

उपदेश करणे सोपे, आचरणे कठीण. परंतु पुढच्याच वर्षी, १९९० साली, गिल्बर्ट यांनी टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या दोन तरुण लेखकांना हाताशी धरून 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' रचला, आणि तत्त्वांना देह दिला. चाचा होऊ पाहणारा एक भाबडा तरुण, गायब्रश थ्रीपवुड, हा त्याचा नायक. यात मरण जवळजवळ नाहीच. एका प्रसंगी नायक कड्यावरून कोसळतो, आणि प्रतिस्पर्धी खेळांच्या शैलीत 'खेळ संपला' अशा अर्थाची पाटी झळकते. क्षणभराने तो खालून उसळून परत वर येतो! दुसऱ्या प्रसंगी त्याला जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकतात. भोवती दोर कापण्याजोगी नाना हत्यारे पडलेली, पण एकही हाताला लागत नाही. खेळणारा त्यांच्याकडे हात लांबवून थकतो. उत्तर काय? मूर्तीच उचलावी आणि चालू लागावे! नायक आधीच बढाई मारून चुकलेला असतो की आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो. म्हणून खरोखर दहा मिनिटे कोणी नुसते बसून राहिले, तरच तो मरतो. कपाळावर हात मारायला लावणारे कोडे म्हणतात ते हेच.

या खेळातील तलवारीचे द्वंद्व तर आपल्या श्रोत्यांना खास आवडावे. तेथे हाताच्या चपळाईला किंमत नाही. प्रतिस्पर्धी टोमणा मारतो; त्याला चपखल प्रत्युत्तर दिले तर आपली सरशी, नाही तर पीछेहाट. जुन्या चित्रपटांतील योद्धे लढता लढता एकमेकांना बोल लावतात, त्यावरून ही कल्पना निघाली. नायक वाटेत भेटेल त्या चाच्याशी झुंजतो, हरतो, त्याचे टोमणे पाठ करतो आणि तेच दुसऱ्यावर टाकून त्यांची उत्तरे शिकतो. शेवटी तलवारबाजीच्या उस्ताद बाईंशी गाठ पडते, तेव्हा त्यांचे टोमणे अगदी निराळे निघतात; पण उत्तरे मात्र जुनीच लागू पडतात, फक्त कोणते कोठे बसते हे ओळखावे लागते. कलगी-तुऱ्याच्या फडात सवालजवाब ऐकलेल्या कानांना या खेळाची गोडी सांगावी लागू नये. शिकवलेले तेच विचारायचे, पण नव्या अंगाने विचारायचे, ही उत्तम शिक्षकाची रीत येथे करमणुकीच्या वेषात आली आहे.

तथापि शब्दावर उभ्या राहिलेल्या कोड्याला एक धोकाही असतो, आणि तो याच मालिकेच्या दुसऱ्या भागाने, १९९१ साली, दाखवून दिला. पाण्याच्या पंपाची एक चकती फिरवायची असते, आणि त्यासाठी पाना मिळत नाही. उपाय असा की पियानो वाजवणाऱ्या माकडाला तालयंत्रावर केळे ठेवून गुंगवावे, ताठरलेले ते माकड उचलावे आणि त्यानेच चकती फिरवावी! हे का? तर अमेरिकेत एका जातीच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. ज्याला हा शब्द ठाऊक, तो खदखदून हसतो. पण इंग्लंडात या पान्याला सहसा निराळेच नाव. मग इतर भाषिकांची काय कथा! आम्ही हा खेळ पाहिला तो १९९० नंतरच्या दशकात, एका स्नेह्यांच्या घरी, फ्लॉपीवर आलेल्या नकलेवरून. माऊस एकाच्या हाती आणि सल्ला देणारे पाच जण, अशी ती बैठक असे. त्या माकडापाशी आम्ही किती संध्याकाळी अडून बसलो ते आता आठवत नाही. आमच्याकडील कारागिराच्या तोंडी नुसता 'पाना'. त्यात माकड कोठून यावे? उत्तर कळले तेव्हा आमच्यातील एकानेही कपाळावर हात मारला नाही. आजी कोडे घालते ते नातवंडाच्या बोलीत. जगभर विकल्या जाणाऱ्या कोड्याला मात्र समोरच्याची बोली कोणती, याचा विसर पडला होता.

सिएरा कंपनीनेही १९९० च्या 'किंग्ज क्वेस्ट ५' पासून लिहिणे सोडून टिचकी स्वीकारली. चित्रे हातांनी रंगवलेली, मोहक. पण जुनी खोड गेली नाही. गावात एक मांजर उंदराच्या मागे धावताना क्षणभर दिसते. त्याच क्षणी मांजरावर काहीतरी फेकून उंदराला वाचवले पाहिजे. नाही वाचवले, तर पुढे नायक तळघरात बांधला जातो तेव्हा दोर कुरतडायला उंदीर येत नाही आणि सारे संपते. आपले चुकले कोठे, हे खेळणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. भीतीवाचून साहस कसले, असा या पद्धतीच्या चाहत्यांचा युक्तिवाद असे, आणि त्यात तथ्य आहे. परंतु भय वेगळे आणि फसवणूक वेगळी. याच कंपनीने १९९३ साली जेन जेन्सन यांचा 'गेब्रिएल नाइट' काढला, आणि न्यू ऑर्लिअन्स शहराच्या पार्श्वभूमीवर एक गंभीर, अभ्यासपूर्ण रहस्यकथा या माध्यमात सांगता येते हे सिद्ध केले, हेही नमूद केले पाहिजे.

१९९३ हे या खेळांचे माध्यान्ह होते. त्याच वर्षी वॉशिंग्टन संस्थानातील स्पोकेन येथील रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंनी 'मिस्ट' काढला. एक निर्मनुष्य बेट, ग्रंथालय, बंद यंत्रे आणि वाऱ्याचा आवाज. आज्ञांची यादी नाही. नुसते पाहावे, ऐकावे आणि टिचकी मारावी. सीडी नावाची नवी तबकडी तेव्हा घरोघर येत होती, आणि ती विकत घेण्याचे निमित्त म्हणूनही लोकांनी हा खेळ घेतला. त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ साली 'द सिम्स'ने मागे टाकीपर्यंत घरगुती संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ हाच होता.

मग ऱ्हास कसा झाला? १९९३ च्याच डिसेंबरात 'डूम' हा गोळीबाराचा वेगवान खेळ आला आणि तरुणांचे मन तिकडे ओढले गेले. दुसरे कारण खर्चाचे. सीडीवर जागा मिळाली तसे आवाज आले, नट आले, चित्रीकरण आले. १९९५ सालचा रॉबर्टाबाईंचा 'फँटास्मागोरिया' हा सात सीडींवर मावला. एवढा पैसा ओतून केलेले कोडे एकदा सुटले की संपले; गोळीबाराचा खेळ मात्र रोज नव्याने खेळता येतो. तिसरे कारण इंटरनेटचे. पूर्वी उत्तरासाठी मित्राला विचारावे लागे किंवा सूचनांचे पुस्तक विकत घ्यावे लागे. आता सारी उत्तरे फुकट आणि तत्काळ मिळू लागली.

ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु चौथे कारण घरातलेच होते. १९९९ च्या 'गेब्रिएल नाइट ३' मध्ये नायकाला आपल्या मित्राच्या नावावर मोटारसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी तो मांजराचे केस चिकटपट्टीने मिळवतो, पाकाने ते ओठावर चिकटवून मिशा करतो; आणि मित्राला तर मिशाच नाहीत, म्हणून पारपत्रावरील त्याच्या छायाचित्रावर मिशा काढतो! बिनमिशांच्या माणसाचे सोंग घेण्यासाठी मिशा लावायच्या, हे तर्कशास्त्र कोणत्या ओसरीवरचे? २००० साली एका विनोदी समीक्षकाने या एकाच कोड्यावर बोट ठेवले. या खेळांचा कोणी खून केला नाही, त्यांनी आत्महत्या केली, असा त्याचा निष्कर्ष होता. तो अतिशयोक्त खरा; पण लोकांना पटला, कारण त्यांचे डोके त्या कुलपावर आपटलेले होते.

बाकी कथा थोडक्यात सांगतो. सिएरा कंपनी १९९६ साली दुसऱ्यांच्या हाती गेली, आणि २२ फेब्रुवारी १९९९ रोजी ओकहर्स्ट गावातील तिची मूळ कार्यशाळा बंद झाली. लुकास यांच्या शाखेने १९९८ साली 'ग्रिम फँडँगो' हा मृतांच्या लोकीचा अप्रतिम खेळ दिला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, पण बाजाराने नव्हे. २००४ साली तिने आपला अर्धवट तयार झालेला खेळ रद्द केला, आणि २०१३ साली ती शाखाच बंद पडली.

येथे ते जुने आज्ञाभाषेचे सूत्र पुन्हा हाती घेऊ. यंत्रे बदलत होती, जुने खेळ नव्या संगणकावर चालेनासे होत होते. पुस्तक शंभर वर्षांनीही उघडता येते. हा ग्रंथ मात्र वाचणारे यंत्र मेले की मुका होतो. २००१ साली लुडविग स्ट्रिगियस आणि व्हिन्सेंट हाम या दोन युरोपीय तरुणांनी 'स्कमव्हीएम' नावाची आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला. १९८७ साली गोष्ट आणि वाचक वेगळे ठेवले होते; तेव्हा नवा वाचक घडवला की जुनी गोष्ट पुन्हा बोलू लागते, हे त्यांनी ओळखले. जगभरच्या हौशी मंडळींनी बिनमोल श्रम करून हे काम पुढे नेले, आणि आज खिशातील मोबाइलवरही ते जुने खेळ चालतात. आपल्याकडे पोथ्यांच्या नकला करून ठेवणाऱ्यांनी जे केले, त्याच जातीचे हे कार्य आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लोकांचे प्रेम आटले नव्हते, हे २०१२ साली दिसले. टिम शेफर यांनी नव्या खेळासाठी जनतेकडे ४ लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३३ लाखांहून अधिक डॉलर दिले. गिल्बर्ट आणि विनिक यांनी अशाच लोकवर्गणीतून २०१७ साली 'थिंबलवीड पार्क' रचला. आणि २०२२ साली गिल्बर्ट आणि ग्रॉसमन 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन आपल्या गायब्रशकडे परतले.

या शेवटच्या खेळातील एका लहानशा गोष्टीवर आम्ही समाप्ती करतो. नायकाच्या झोळीत एक सूचनांचे पुस्तक असते. अडल्यास ते उघडावे. ते एकदम उत्तर सांगत नाही; आधी नुसता इशारा देते. आणखी विचारले तर जरा स्पष्ट बोलते, आणि अगदीच हात टेकले तर सरळ सांगून टाकते. इंटरनेटवर सारी उत्तरे उघडी पडली असतानाही कर्त्याने हे पुस्तक मुद्दाम लिहिले, कारण तेथे मिळते ते नुसते उत्तर. उत्तराच्या दिशेने हात धरून नेणारे माणूस तेथे भेटत नाही. 'सांग ना गं आता' म्हणून बिलगलेल्या नातवाला आजीही एकदम उत्तर सांगत नसे. 'अरे, आपल्याच घरात आहे बघ', एवढेच ती म्हणे, आणि पोर उठून घरभर पाहू लागे.